खिडकी आणि पडदा

घराच्या इतिहासांत भिंतीस व छपरास मान मिळतो. खिडकीवरील पडद्याकडे अभ्यासकाचें लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः उजेड किती घ्यावा, वारा कोठून यावा आणि परक्याच्या दृष्टीपासून काय झांकावें, ह्या तीन प्रश्नांना प्रत्येक पिढीनें दिलेलें उत्तर ह्या कापडाच्या तुकड्यावरच वाचावयास मिळतें. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत तें विशेष स्पष्ट दिसतें.

'गवाक्ष' ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ बैलाचा डोळा. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या भव्य कमानींत लांकडी फासळ्या अद्यापि आहेत; उजेड अडविणें हें त्या कमानीचें काम नसून तो मंदावून स्तूपावर सोडणें हें होय. लेण्याद्री, तुळजा व मानमोडी येथील कारागिरांनीं खडकाच्या दर्शनी भागावर अशाच कमानी कोरल्या, आणि लांकडी इमारतींतील खिडकीचें रूप दगडांत राखून ठेविलें.

सामान्य माणसाच्या घरीं मात्र प्रश्न सौंदर्याचा नव्हता. सन १४७० च्या सुमारास अफनासी निकीतीन हा रशियन व्यापारी पावसाळ्यांत जुन्नरास राहिला होता. चार महिने अहोरात्र पाऊस आणि चिखल, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. भीमाशंकराच्या बाजूस कारवीच्या कुडांचीं घरें असत. त्यांस खिडकी असलीच तर बेताची. झड आली कीं जुनें घोंगडें किंवा गोणपाट हाच पडदा.

'पडदा' हा शब्द फारशी. सन १४९० मध्यें मलिक अहमदानें जुन्नर प्रांतीं निजामशाहीचा पाया घातला. अशा दरबारांतूनच फारशी शब्द मराठींत मुरले. पण ह्या शब्दाबरोबर गोषाचाही अर्थ आला. थोरामोठ्यांच्या वाड्यांत रस्त्याकडील खिडक्या लहान आणि उजेड आंतल्या चौकांतून, अशी रचना रूढ झाली. भातखाचरांत गुडघाभर चिखलांत राबणाऱ्या मावळी स्त्रीस हा पडदा परवडणारा नव्हता. तेव्हां पडदा हें जसें अब्रूचें, तसेंच ऐपतीचेंही चिन्ह ठरलें.

पुढें इंग्रजी अमदानींत कांचेची तावदानें आलीं आणि विलायती गिरण्यांचें स्वस्त कापड घरोघर शिरलें. कोणतें कापड घ्यावें हा प्रश्न येथें केवळ रंगाचा व पोताचा राहिला नाहीं. आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा मुंबईचा गिरणीकामगार. ता. १२ डिसेंबर १९३० रोजीं विदेशी कापडाची मालमोटार अडविण्यासाठीं तो काळबादेवीच्या रस्त्यावर आडवा झाला आणि तिच्या चाकांखालीं प्राणास मुकला. त्याचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. डिंभे धरणाच्या जलाशयास आज त्याचें नांव आहे, आणि त्याच पाण्याखालीं जुनें आंबेगांव गेलें आहे.

हा इतिहास ध्यानीं ठेवूनच पडदा निवडावा. पश्चिमेच्या खिडकीस उन्हाचा ताप फार; तिला जाड सुती कापड, आंतून अस्तर लावलेलें, उपयोगी पडतें. उत्तरेकडे विरळ विणीचें पुरे. चुण्या नीट पडाव्यात म्हणून खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट कापड घ्यावें, आणि सुती कापड धुतल्यावर आटतें हें ध्यानांत ठेवून शिवण्यापूर्वींच भिजवावें. पावसाळ्यांत दमट कापडास बुरशी धरते, म्हणून सहज काढून धुतां येईल असाच पडदा बरा. दारावर मात्र बांबूच्या चिकेस तोड नाहीं. ती वारा अडवीत नाहीं.

दुकानदार भाव सांगतो, रंग पक्का असल्याची हमी देतो. तें कापड कोणीं विणलें हें आपण विचारल्याशिवाय तो सांगत नाहीं. ज्या तालुक्याच्या एका तरुणानें ह्याच प्रश्नापायीं प्राण दिला, तेथील गृहस्थानें आणि गृहिणीनें तो प्रश्न दुकानाच्या पायरीवर एकदां तरी विचारावा.