मुखवटा आणि त्याचं देणं

आज मुखवट्यांबद्दल बोलायचं आहे, आणि तेही व्हिडिओ गेममधल्या. विषय पोरकट वाटेल, पण जरा थांबा.

आधी आपल्या भाषेकडे बघू. 'त्याचा मुखवटा गळून पडला' असं आपण म्हणतो, तेव्हा मुखवटा म्हणजे लबाडी. पण भाद्रपदात घरोघरी गौरी येतात, तेव्हा त्यांच्या मुखवट्यांना आपण हात जोडतो. तिथे मुखवटा काही लपवत नाही, तो बसवला की गौर आली. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ.

हे दोन्ही लक्षात ठेवून २००० सालच्या एका जपानी गेमकडे वळू या. 'द लेजेंड ऑफ झेल्डा: मजोराज मास्क'. निन्टेंडो ६४ साठी तो एइजी आओनुमा आणि योशिआकी कोइझुमी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाला. १९९८ च्या 'ऑकारिना ऑफ टाइम'मध्येही मुखवटे होते, पण ते मुख्यतः विकण्यापुरते. इथे अख्खी कथाच त्यांच्यावर उभी आहे. स्कल किड नावाचा एक एकटा पडलेला जीव चोरलेला मुखवटा घालतो आणि आकाशातला चंद्र गावावर ओढतो. तीन दिवसांत सगळं संपणार. वाटतं, मुखवट्याने त्याला बळ दिलं. खरं तर मुखवटाच त्याला वापरतो, आणि काम झालं की टाकून देतो.

आता नायक लिंक. त्याला एकूण २४ मुखवटे मिळवता येतात, त्यातल्या चारांनी त्याचं शरीरच बदलतं. बर्फाळ डोंगरात त्याला दारमानी या गोरोन जमातीच्या वीराचं भूत भेटतं. जमातीवरचं संकट दूर करायला गेला आणि मेला, म्हणून त्याच्या जिवाला शांती नाही. लिंक एक धून वाजवतो, भूत शांत होतं आणि मागे उरतो मुखवटा.

जपानी प्रेक्षकाला ही रीत ओळखीची आहे. सहाशे वर्षांपूर्वी झेआमीने नो रंगभूमीसाठी लिहिलेल्या नाटकांत मेलेला योद्धा भिक्षूसमोर येतो, आपलं दुःख सांगतो आणि प्रार्थना मागतो. नोमध्ये मुखवट्याला 'ओमोते' म्हणतात, म्हणजे चेहराच. नट आरशाच्या खोलीत तो चढवतो, स्वतःकडे बघतो आणि मगच रंगमंचावर जातो.

पण खरी अडचण पुढे आहे. दारमानीच्या रूपातला लिंक गावात शिरतो आणि गोरोन आनंदून जातात. आपला वीर परत आला! तो मेलाय हे त्यांना कोण सांगणार? मग ही लबाडीच नाही का?

आहे, थोडी आहेच. मात्र लिंक तिथे मान घ्यायला थांबत नाही. दारमानीचं अर्धवट राहिलेलं काम तो त्याच्याच हातांनी पुरं करतो, आणि डोंगरावरचा हिवाळा ओसरतो. मेलेल्याचा चेहरा घेतला, तसं त्याचं देणंही अंगावर घेतलं. स्कल किडने फक्त ताकद घेतली. फरक एवढाच, आणि फार मोठा.

आज ऑनलाइन गेममध्ये चेहरे विकत मिळतात, 'स्किन' म्हणतात त्यांना. पैसे भरले की व्यवहार संपला, पुढे कुणाचं काही लागत नाही. म्हणून तो जुना गेम मला अजून महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याचं रूप घेतलं की त्याच्या वाट्याचं काय करायचं, हे तो खेळणाऱ्याला विचारतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.