लेकाचं घड्याळ, बापाचं घड्याळ

रात्री तीन वाजता पाणी प्यायला उठलो, तर चिरंजीवांच्या खोलीच्या दाराखालून उजेड. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, सकाळी आठला प्रॅक्टिकल, आणि साहेब टक्क जागे. मी नेहमीची टेप लावली, "आमच्या वेळी आम्ही पाचला उठायचो..." त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, अकरालाच दिवा घालवला होता. तीन तास नुसता लोळलो. झोप येतच नाही रे."

आवाजात उद्धटपणा नव्हता, थकवा होता. हजेरी कमी असल्याचं कॉलेजचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं आणि मी त्याच्यावर 'आळशी' असा शिक्का मारून मोकळा झालो होतो. ऑफिसात कुणी बग सांगितला तर आपण आधी लॉग बघतो, युजरला शिव्या देत नाही (निदान तोंडावर तरी!). मग घरात उलटं का? असो. हा विकांत झोपेचा इतिहास वाचण्यात गेला.

गोष्ट सुरू होते १७२९ मध्ये. द मेराँ नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधारात कोंडून ठेवलं. ऊन दिसत नसतानाही पानं दिवसा उघडायची, रात्री मिटायची. घड्याळ आतच असावं, ही शंका तिथून सुरू झाली.

माणसाची पाळी आली १९३८ मध्ये. शिकागो विद्यापीठाचे नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचा तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन हे अमेरिकेतल्या केंटकीमधल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. ऊन नाही, दिवस-रात्र नाही. त्यांनी २४ ऐवजी २८ तासांचा दिवस पाळायचा ठरवला. विशीतल्या रिचर्डसनला ते जमलं, चाळिशीतल्या क्लाइटमनना नाही. त्यांच्या शरीराचं तापमान २४ तासांच्या तालावरच चढत-उतरत राहिलं. गुहा एक, वेळापत्रक एक, घड्याळं दोन!

पुढचा टप्पा १९८१चा. न्यूयॉर्कमधले डॉक्टर इलियट वाइट्झमन आणि त्यांचे सहकारी निद्रानाशाचे रुग्ण तपासत होते. त्यातल्या काहींची गंमत अशी, की त्यांना मनाला येईल तेव्हा झोपू दिलं तर ते छान, पुरेसं झोपायचे. झोप बिघडलेली नव्हती, नुसती उशिरा सरकलेली होती. या प्रकाराला त्यांनी 'डिलेड स्लीप फेज' असं नाव दिलं. हे वाचून मी थबकलो. रविवारी दुपारपर्यंत गाढ झोपणारा आमचा हाच मुलगा!

आणि मग २००४. टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा मांडल्या. पौगंडावस्थेत झोपेची वेळ पुढे पुढे जाते, विशीच्या आसपास सर्वांत उशिरा पोचते (मुलींत साधारण १९.५, मुलांत २०.९ वर्षं) आणि मग परत अलीकडे येऊ लागते. म्हणजे ऐन कॉलेजात. मी उत्साहाने आईला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "तू तरी कॉलेजात असताना नऊच्या आत कधी उठलास?" तर मंडळी, 'आमच्या वेळी'ची टेप त्या दिवसापासून बंद.

आता उपाय. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांहून थोडं मोठं असतं, १९९९च्या एका प्रयोगात ते जेमतेम ११ मिनिटांनी मोठं निघालं. सर्व्हरचं घड्याळ रोज थोडं भरकटतं म्हणून आपण ते बाहेरच्या वेळेशी जुळवत राहतो, तसंच हे. शरीरासाठी ती बाहेरची वेळ म्हणजे उजेड. सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, रात्रीचा पुढे ढकलतो. आणि मी मात्र ओरडत होतो ते 'अकराला झोप' म्हणून. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र ठरवता येतं.

म्हणून सुट्टीत सुरुवात केली. आधी शांतपणे विचारलं, मनात काही खुपतंय का? (तसं असतं, किंवा महिनाभरात फरक पडला नसता, तर सरळ डॉक्टर गाठणार होतो.) मग उठायची वेळ नक्की केली, रविवारीसुद्धा तीच. नवाने सुरुवात, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. उठल्यावर दोघांनी चहा गच्चीत, उन्हात घ्यायचा. दुपारनंतर कॉफी नाही, रात्री दहानंतर मोठे दिवे बंद. लॅपटॉप पलंगावर नाही आणि झोप येत नसेल तर लोळायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं. हा शेवटचा नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्येच सांगून ठेवलाय.

चमत्कार झाला नाही. पहिला आठवडा दोघांचीही चिडचिड झाली. आता साडेबाराच्या सुमारास त्याला झोप लागते, सातला उठतो. मधूनच गाडी घसरते, मग पुन्हा गच्ची. हजेरी भरून निघतेय.

'आळशी' म्हटल्याबद्दल मी त्याची माफी मागितली. तो "ठीक आहे रे" म्हणाला आणि चहात बिस्कीट बुडवत राहिला. मला वाटतं, त्याला ती हवी होती.