स्वारगेटचं नेहरू स्टेडियम आणि आपल्या पोरांचे सोळाशे मीटर

भोरहून किंवा वेल्ह्याहून एसटीनं पुण्याला गेलेल्या माणसाला नेहरू स्टेडियम माहीत नाही असं होत नाही. कात्रज उतरून गाडी स्वारगेटला लागते, बाहेर पडून सारसबागेकडं चालायला लागलं की ते दिसतं. आपल्यापैकी किती जण आत गेलेत हा प्रश्न वेगळा. मीही कितीतरी वर्षं ते बाहेरूनच बघितलं. पण या स्टेडियमची गोष्ट आपण एकदा नीट समजून घ्यावी असं वाटतं, कारण तिच्यात आपल्या दोन्ही तालुक्यांसाठी एक धडा आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

१२ जुलै १९६१ ला आपल्या वेल्ह्यातलं पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठचं जुनं पुणं वाहून गेलं. त्यानंतरच्या वर्षांत शहर नदीपासून लांब, पर्वतीच्या अंगानं वाढत गेलं. त्याच दशकाच्या अखेरीस स्वारगेटजवळ हे स्टेडियम उभं राहिलं. मालकी पुणे महापालिकेची, आणि क्रिकेट खेळवणार महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन. मालक एक आणि खेळवणारा दुसरा, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

इथं कसोटी सामना कधीच झाला नाही. पण एकदिवसीय सामने ११ झाले. पहिला ५ डिसेंबर १९८४ ला, भारत विरुद्ध इंग्लंड. वेंगसरकरनं १०५ केल्या, पण इंग्लंडच्या गॅटिंगनं नाबाद ११५ करून सामना ओढून नेला. १९८७ च्या विश्वचषकातला इंग्लंड-श्रीलंका सामनाही इथलाच.

पण या मैदानाचं नाव जगभर झालं ते २९ फेब्रुवारी १९९६ ला. विश्वचषकात केनिया विरुद्ध वेस्ट इंडिज. केनियाचा तो पहिलाच विश्वचषक, त्यांची बहुतेक पोरं नोकरी-धंदा सांभाळून खेळणारी. माझा मामा त्या दिवशी पहिल्या एसटीनं गेला होता, का तर लारा बघायचा म्हणून. केनियाचा डाव १६६ वर आटोपला, त्यातही सगळ्यात जास्त धावा कुणा फलंदाजाच्या नव्हत्या, अवांतर होत्या! मामा म्हणायचा, आम्हाला वाटलं दुपारीच घरी जाऊ. मग लारा आला आणि ८ धावा करून यष्टिरक्षक तारिक इक्बालच्या हातात झेल देऊन गेला. चष्मा लावलेला, सकाळपासून धडपडत चेंडू अडवणारा हा यष्टिरक्षक, पण नेमका तोच झेल त्यानं धरला. वेस्ट इंडिज ९३ वर सगळे बाद. कर्णधार मॉरिस ओडुंबेनं १५ धावांत ३ बळी घेतले. मामा लारा बघायला गेला आणि केनिया बघून आला. पुढं आयुष्यभर ही गोष्ट त्यानं प्रत्येक लग्नात सांगितली.

विश्वचषकाच्या इतिहासात जे मोठे धक्के मोजतात त्यात हा सामना आजही असतो. आणि तो झाला आपल्या एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिकीट काढलेला भोरचा माणूस सकाळी निघून रात्री घरी पोचू शकत होता. मोठ्या मैदानाचा उपयोग मोजायचा तर मी हे पहिलं मोजतो.

मग काय झालं? तिकिटांच्या वाटपावरून मैदानाचा मालक आणि खेळवणारा यांच्यात मतभेद वाढले. ३ नोव्हेंबर २००५ ला भारत-श्रीलंका सामना झाला, तो इथला शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. असोसिएशननं मावळात गहुंजेला, एक्स्प्रेस-वेच्या कडेला स्वतःचं स्टेडियम बांधलं, ते २०१२ ला सुरू झालं. २०१७ ला तिथं पुण्यातली पहिली कसोटी झाली (ऑस्ट्रेलियानं आपल्याला तीन दिवसांत ३३३ धावांनी हरवलं, ते असो). २०२३ च्या विश्वचषकाचे सामनेही तिथंच झाले. स्टेडियम देखणं आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण रात्री सामना संपल्यावर तिथून भोरला यायचं तर स्वतःची गाडी पाहिजे. मामासारखा एसटीचा माणूस या हिशोबातून बाहेर पडला.

गंमत म्हणजे मुंबईत हेच आधी घडलं होतं. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामने खेळवणार मुंबई क्रिकेट असोसिएशन. तिथंही भांडण तिकिटांचंच. शेवटी शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानं हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं राहिलं, आणि १९७५ च्या जानेवारीत तिथं पहिली कसोटी झाली. म्हणजे महाराष्ट्रातली दोन मोठी मैदानं खेळाच्या गरजेइतकीच खुर्च्यांच्या वाटणीवरूनही जन्माला आली.

याच्या उलट उदाहरण कोल्हापूरचं खासबाग. राजर्षी शाहू महाराज १९०२ ला राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं प्रेक्षागार पाहिलं. परत येऊन कुस्तीसाठी तसंच उघडं मैदान बांधायला घेतलं, ते १९१२ ला पुरं झालं. मधे आखाडा आणि भोवती उतरती बैठक, म्हणजे सगळ्यात मागं बसलेल्या शेतकऱ्यालाही कुस्ती दिसली पाहिजे. आपल्याकडं जत्रेच्या कुस्त्यांना आपण डोंगराच्या उतारावर बसतो, तीच युक्ती दगडात बांधलेली. महाराजांनी पहिला विचार बघणाऱ्याचा केला, म्हणून शंभर वर्षांनंतरही ते मैदान लोकांचं आहे.

नेहरू स्टेडियम बंद पडलं का? नाही. मोठे सामने गेले, पण शिकणारी पोरं राहिली. शेजारच्या सणस मैदानावर सकाळी धावणाऱ्यांची गर्दी असते. मैदानाचे उपयोग असेच असतात, सामना वर्षातून एखादा आणि सराव ३६५ दिवस. आणि अडचणीच्या वेळी तर काय काय होतं! २०२० ला पिंपरीतल्या नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो कोविड रुग्णालय उभं केलं होतं. शहराच्या मधे एवढी मोकळी जागा राखलेली होती म्हणूनच ते जमलं.

आता आपल्याकडं येऊ.

पहाटे पाच वाजता भोर-कापूरहोळ रस्त्यानं जा, नाहीतर वेल्ह्याकडून चेलाडीला येणाऱ्या रस्त्यानं. भरतीची पोरं पळताना दिसतील, पोरीही दिसतील. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. सगळी मिळून ५० गुणांची मैदानी चाचणी. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १६०० मीटर म्हणजे बरोबर चार फेऱ्या. आमची पोरं ते अंतर मोजतात या पुलापासून त्या फाट्यापर्यंत. रस्त्याला चढ-उतार, बाजूनं वाळूचे आणि दुधाचे टेम्पो, हातात मोबाईलची बॅटरी. एका एका सेकंदावर गुण जातात तिथं ही पोरं अंदाजानं सराव करतात. माझ्या ओळखीची एक पोरगी पहिल्या खेपेला थोडक्यात राहिली. ती म्हणाली, “दादा, वळणावर कसं पळायचं हेच माहीत नव्हतं. मी कायम सरळ रस्त्यावरच पळाले.” हे ऐकल्यापासून मला ही पोस्ट लिहायची होती.

तालुक्याला एक क्रीडा संकुल असावं हे राज्य सरकारचं धोरण आहे. आठ पट्ट्यांच्या ट्रॅकला साधारण ४ एकर सपाट जागा लागते. आपल्या डोंगराळ मुलखात ४ एकर सपाट जागा म्हणजे सोनं, हे मान्य. म्हणूनच जागेचा, निधीचा, भूमिपूजनाचा विषय निघेल तेव्हा आपण आधी चार गोष्टी विचारल्या पाहिजेत. मालकी कुणाची आणि चालवणार कोण, हे कागदावर एकाच जागी लिहिलंय का? गेटची किल्ली पहाटे पाचला कुणाकडं असेल? एसटीनं येणाऱ्या पोरापोरींना ते जवळ पडेल का? आणि लग्न, सभा, प्रदर्शनं यांना वर्षातले किती दिवस?

गॅलरी नसली तरी चालेल. व्हीआयपी खुर्च्या तर नकोतच, त्यांच्यावरून काय होतं ते पुण्यानं आणि मुंबईनं दाखवलंय. मोजलेली चारशे मीटरची माती द्या, उजेडाला चार दिवे द्या, पोरींसाठी कपडे बदलायची एक खोली द्या.

तुमच्या गावातली पोरं कुठं पळतात, किती लांब जातात, ते कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. यादी झाली की ती घेऊन आपण सगळे मिळून तहसील कचेरीत जाऊ.