दूध नसलेला निवडुंग

नाशिक जिल्ह्यातल्या वणीहून नांदुरीकडे निघालं की बांधांवर दोन तऱ्हेचे निवडुंग दिसतात. एकाला कोयता लावला की लगेच पांढरं दूध ठिबकू लागतं. ते डोळ्यात गेलं तर डोळा सुजून बंद होतो, म्हणून कुंपण छाटणारा माणूस तोंड वळवूनच घाव घालतो. दुसऱ्याचं जाडजूड हिरवं फड कापलं तर आतून बुळबुळीत, पाण्यासारखा रस येतो. दुधाचा टिपूसही नसतो. दूध देणारा तो थोर आणि बिनदुधाचा तो फड्या निवडुंग. काट्यांमुळे आपण दोघांना एका भावकीत बसवलं आहे, पण त्यांचं एकमेकांशी नातं नाही. थोर एरंडाच्या कुळातला. फड्या कॅक्टसच्या कुळातला, आणि ते कुळ मुळात अमेरिका खंडांचं. उत्तरेला कॅनडापासून दक्षिणेला पातागोनियापर्यंत ते पसरलेलं आहे. त्याबाहेर आपण होऊन पोचलेली जात एकच. झाडांवर लोंबणारी ती एक बिनकाट्याची वेल आफ्रिकेत आणि श्रीलंकेत आढळते. बाकी जगात जिथे जिथे कॅक्टस आहे, तिथे तो माणसाने नेलेला आहे. वणीच्या बांधावरचा फड्याही तसाच आलेला.

मग दोघे इतके सारखे का दिसतात? पाणी कमी आणि ऊन फार, अशा जागी जगायचं तर पानं परवडत नाहीत. पानांतून पाणी उडून जातं. म्हणून खोड फुगतं, हिरवं होतं आणि पानाचं काम स्वतः करू लागतं. श्वासाची छिद्रं दिवसा बंद राहतात आणि रात्री उघडतात. साठवलेल्या पाण्यावर जनावर तुटून पडू नये म्हणून काटे येतात. हा मार्ग अमेरिकेत एका कुळाने शोधला, आपल्या बाजूच्या जगात दुसऱ्याने. आपल्याकडे तर तिसरं कुळही आहे, रुईचं. माकडशिंग त्यातलंच. कातळाच्या भेगेत बोटाएवढी मांसल, कोनदार कांडी उभी असते आणि पावसाळ्यात तिला छोटी जांभळट फुलं येतात. याच कुळातली शिंदळ माकुडी त्याहून दुर्मीळ. १८६५ साली डालझेल या वनाधिकाऱ्याने तिचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं. शिवनेरीसारख्या थोड्या ठिकाणच्या उभ्या कड्यांवर ती टिकून आहे. महाराष्ट्राबाहेर तिचं घर नाही. कॅक्टससारखं दिसणारं, छोटं, फुलणारं आणि अस्सल इथलं असं काही कुणाला पाहायचं असेल, तर मी आधी या दोघांकडे बोट दाखवीन. पण डोळ्यांत भरतो तो फड्या, आणि गोष्ट त्याची आहे.

चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला खानदेशातून पायी येणाऱ्या दिंड्या याच वाटांनी चढतात. आजूबाजूचं गवत तेव्हा वाळून पिवळं पडलेलं असतं आणि फड्या फुललेला असतो. फूल फडाच्या कडेवर बसतं. पाकळ्या पिवळ्या-नारिंगी, त्यावर तांबूस छटा. मध्ये लाल-गुलाबी पुंकेसरांचा दाट झुबका आणि त्यातून वर डोकावणारी हिरवी कुक्षी. काडीने पुंकेसरांना हळूच स्पर्श केला तर ते हलतात आणि आतल्या बाजूला झुकतात. मधमाशी आत शिरली की हेच होतं आणि ती परागांनी माखून बाहेर पडते. पुढे फळ धरतं. त्याला आपल्याकडे बोंड म्हणतात. पिकल्यावर ते गडद लाल होतं आणि खाल्लं की जीभ-ओठ रंगून जातात. पण नुसत्या हाताने ते तोडू नये. मोठा काटा दिसतो तरी; बोंडावरची बारीक कुसं दिसत नाहीत आणि उलट्या दातऱ्यांमुळे कातडीतून निघत नाहीत. रानात फिरणारी पोरं बोंड दगडावर किंवा मातीत घासून, नाहीतर विस्तवावर फिरवून घेतात आणि मगच सोलतात. सौराष्ट्रात हेच फळ फिंडला या नावाने ओळखलं जातं आणि त्याचा रस बाटल्यांतून विकतात. आपल्याकडे ते अजून पोरांचं आणि पाखरांचंच राहिलं आहे.

हा इथला नाही, याची साक्ष शोधायला परदेशी ग्रंथ उघडावे लागत नाहीत. चरक-सुश्रुतांच्या संहितांत स्नुही आहे. ती म्हणजे आपला थोर. सुधा, महावृक्ष ही तिचीच नावं. तिच्या चिकाचे थर दोऱ्यावर चढवून केलेलं क्षारसूत्र भगंदरावर आजही वापरतात. अकरा थर नुसत्या चिकाचे, सात चिकासोबत आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे तीन चिकासोबत हळदीचे. इतक्या बारकाईने ज्या वैद्यकाने एका काटेरी झाडाची दखल घेतली, त्यात फडांच्या, लाल बोंडांच्या निवडुंगाचा मागमूस नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय जहाजं अमेरिकेला पोचली आणि मिरची, तंबाखू, पेरू, सीताफळ, अननस ही मंडळी हळूहळू आपल्या शेतात-परसात आली. फड्या आला तो त्या घडामोडीनंतरच. मात्र मिरचीला आपण पाहुणी म्हणून ओळखतो. फड्याच्या बाबतीत ते पार विसरलो.

विसरलो ते आपणच नव्हे. विल्यम रॉक्सबर्ग हे भारतीय वनस्पतिशास्त्रातलं फार मोठं नाव. १७९३ पासून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्यातल्या बागेचे प्रमुख होते. त्यांनी इथल्या फड निवडुंगाला नाव दिलं ‘कॅक्टस इंडिकस’, म्हणजे भारतीय कॅक्टस. त्यांच्या काळापर्यंत तो गावोगावच्या कुंपणांत इतका रुळला होता की रॉक्सबर्गसारख्याच्या नजरेलाही तो इथलाच वाटला.

याच कलकत्त्यात गोष्टीला वळण मिळालं. निवडुंगावर एक किडा जगतो, कोचिनील. मादी फडाला चिकटून बसते आणि अंगाभोवती कापसासारखं पांढरं आवरण विणते. तिला चिरडलं की गर्द किरमिजी रंग निघतो. मेक्सिकोतल्या लोकांनी हा किडा पाळून, निवडून, पिढ्यान्‌पिढ्या जोपासला होता. स्पेनने त्या व्यापारावर मक्ता ठेवला. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांचे लाल डगले याच रंगात भिजत. एक पौंड रंगद्रव्याला सुमारे ७०,००० किडे लागत, आणि किंमत त्या हिशेबाने. ईस्ट इंडिया कंपनीला हा रंग हिंदुस्थानात पिकवायचा होता. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी १७८० च्या दशकात त्यासाठी निवडुंगाची खास बागही उभारली. निवडुंग तयार होता, पण किडा नव्हता. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोहून किड्यांसकट निवडुंग कलकत्त्याला आणला.

किडे झपाट्याने वाढले. रंग मात्र निकस निघाला, कारण आणलेली जात जोपासलेली नव्हती, रानटी होती. कंपनीचा बेत फसला आणि त्याच वेळी लोकांच्या लक्षात आलं की किडा जिथे बसतो तिथला निवडुंग मरतो. १८३६ ते १८३८ च्या सुमारास तो मुद्दाम दक्षिणेत नेऊन सोडला गेला. एखादं माजलेलं झाड आटोक्यात आणायला त्याच्यावर जाणूनबुजून किडा सोडण्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानतात.

मग वणीकडचा फड्या का मेला नाही? मला या कुळकथेतला सगळ्यांत मोलाचा भाग हाच वाटतो. नीलसनचा किडा फार चोखंदळ होता. तो एकाच जातीवर जगे, ओपन्शिया मोनॅकँथा. उत्तरेत आणि पूर्वेत मुख्यतः तीच होती. दख्खन आणि गुजरातेतली जात वेगळी, ओपन्शिया इलेशिअर. फिलिप मिलर या लंडनच्या चेल्सी बागेच्या प्रमुखाने तिचं वर्णन १७६८ मध्ये केलं होतं. तिचं मूळ घर मध्य अमेरिका, कोलंबिया, व्हेनेझुएला. तिसरी जात, डिलेनाय, दक्षिणेत आणि किनाऱ्यालगत पसरलेली. माणसांच्या लेखी तिन्ही म्हणजे एकच ‘प्रिकली पेअर’, एकच निवडुंग. हिंदुस्थानात रानोमाळ झालेले फड निवडुंग नेमके कोणकोणत्या जातींचे, हे १९११ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आय. एच. बर्किल यांनी नीट लावून छापलं. किड्याला तो फरक त्याच्या शंभर वर्षं आधीपासून कळत होता. मोनॅकँथा संपत गेला आणि इलेशिअरवर ओरखडाही उठला नाही.

दरम्यान दख्खनवर फड्याने काय केलं असेल, याची कल्पना करणं अवघड नाही. त्याचं कुंपण फुकटात होतं. एक फड तोडून मातीत रोवलं की झालं, पाणीही घालायला नको. शेळी तोंड लावत नाही, चोर शिरत नाही. पण छाटलेली फडं जिथे टाकावीत तिथेच मूळ धरतात. ओढ्यात टाकली तर पूर त्यांना खालच्या गावच्या काठावर नेऊन लावतो. पाखरं बोंडं खातात आणि बी दूरवर टाकतात. दुष्काळाने किंवा साथीने गाव उठलं की पांढरीच्या जागेत, पडक्या गढीत, आटलेल्या विहिरीच्या कडेला फड्याचंच राज्य. आत साप-मुंगूस सुखाने नांदत. पुण्याच्या नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली, अशी परंपरा सांगते. त्यात मला नवल वाटत नाही. त्या जाळ्यांत माणूस सहसा पाऊल टाकत नसे. आणि तरी दुष्काळात हाच आधाराला आला. काटे भाजून, फडांचे तुकडे करून लोकांनी ते जनावरांपुढे टाकले. चारा म्हणून त्यात पाणीच जास्त, पण वैरण संपल्यावर निदान तेवढं तरी होतं. ज्याने गायरान गिळलं त्यानेच गुरं जगवली, म्हणून फड्याला निव्वळ शत्रू ठरवणं मला पटत नाही.

इलेशिअरचा वैरी आला १९२६ मध्ये. श्रीलंकेतून दक्षिण भारतात कोचिनीलचीच दुसरी जात आणली गेली, डॅक्टिलोपिअस ओपन्शिए. श्रीलंकेत ती ऑस्ट्रेलियातून पोचली होती. ऑस्ट्रेलियात तेव्हा याहून मोठा संग्राम चालू होता. तिथे वसाहतकाऱ्यांनी नेलेल्या निवडुंगाने सुमारे सहा कोटी एकर जमीन व्यापली होती आणि अखेर अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी ती मोकळी केली. आपल्याकडच्या या नव्या किड्याला डिलेनाय आणि इलेशिअर दोन्ही चालत. दक्षिणेत पाच-सहा वर्षांत सुमारे ४०,००० हेक्टरांवरचा निवडुंग त्याने साफ केला. तिथून तो दख्खनमध्ये पसरला. फडांवर पांढरे कापसाचे पुंजके दिसू लागायचे, फड पिवळं पडून मऊ व्हायचं आणि गळून जायचं. ना कुऱ्हाड लागली, ना विष. गावाभोवतीच्या ज्या जाळ्या पिढ्यान्‌पिढ्या हटल्या नव्हत्या, त्या अशा बसल्या.

आज वणी परिसरात फड्या आहे तो तुटक. एखाद्या बांधाचा कोपरा, माळावरचा एखादा पुंजका, ओढ्याची दरड. किडाही आहे. पुंजका वाढला की किडा वाढतो, पुंजका सरला की किडाही सरतो, आणि कुठेतरी राहिलेलं एखादं फड पुन्हा फुटतं. द्राक्षबागा आणि तारांची कुंपणं आल्यावर बांधाला निवडुंगाची गरज उरली नाही, तीही गोष्ट झाली.

पण त्याचे भाऊबंद मात्र आता नव्याने येत आहेत, आणि या वेळी आपण बोलावल्याने. महाराष्ट्रात ठिकठिकाणी लागणारं ड्रॅगन फ्रूट हे कॅक्टसचंच फळ. दुसरा पाहुणा आहे बिनकाट्याचा चारा-निवडुंग, ओपन्शिया फायकस-इंडिका. उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेने तो दुष्काळी भागातल्या जनावरांसाठी वाढवायला घेतला आहे. थोड्या पाण्यावर एवढा हिरवा चारा देणारं पीक विरळाच, आणि अवर्षणाच्या पट्ट्यात तो शेतकऱ्यापर्यंत पोचावा असं मला मनापासून वाटतं. मात्र तो लावणाऱ्याने मोरोक्कोकडे पाहावं. तिथे २०१४ मध्ये डॅक्टिलोपिअस ओपन्शिए शिरला आणि ज्या निवडुंगाच्या फळांवर, चाऱ्यावर हजारो कुटुंबांची गुजराण होती, त्याच्या बागाच्या बागा त्याने सुकवल्या. हा तोच किडा, आणि आपल्याकडे तो १९२६ पासून मुक्कामाला आहे. म्हणून चारा-निवडुंगाचं रोप आणताना ते किडीला तोंड देणाऱ्या वाणाचं आहे का, हे आधी विचारावं. आणि शेजारच्या बांधावर फड्या असेल, तर त्याच्या फडांवर पांढरे पुंजके दिसतात का, तेही लावणीपूर्वी पाहून यावं.