दोषी ठरला, तरी घरी आला? परिवीक्षेवरची सुटका समजून घेऊ या

मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलाला मारामारीच्या केसमध्ये कोर्टाने दोषी ठरवलं आणि तरीही तो संध्याकाळी घरी परतला, की लोक म्हणतात, "निर्दोष सुटला." कुणी म्हणतं, "सहा महिन्यांची शिक्षा आहे, पण अटीवर." या दोन्ही समजुती चुकीच्या असू शकतात आणि त्यापायी मुलगा पुन्हा आत जाऊ शकतो. म्हणून या विषयाची माहिती आम्ही इथे सोप्या भाषेत देत आहोत.

परिवीक्षा म्हणजे काय?

अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ च्या कलम ४ नुसार कोर्ट आरोपीला दोषी ठरवतं, पण लगेच शिक्षा सुनावत नाही. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेऊन त्याला सोडतं. ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. म्हणजे "सहा महिने, पण अटीवर" असा आकडा ठरलेला नसतो. शिक्षा सुनावणं बाकी ठेवलेलं असतं.

चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, आधी कधी दोषी ठरला नसेल, तर कलम ३ खाली नुसती समज देऊनही सोडता येतं.

जामीन ही वेगळी गोष्ट आहे. खटला चालू असताना मिळतो तो जामीन. शिक्षा झाल्यावर अपील केलं आणि निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवली, तर ती शिक्षेला स्थगिती. अपील हरलं तर ती शिक्षा भोगावी लागते.

कोणाला मिळते?

फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यात कलम ४ लागू होत नाही. आरोपीचं किंवा त्याच्या जामीनदाराचं कायमचं घर किंवा नियमित कामधंदा कोर्टाच्या हद्दीत हवा. मुलगा जहाजावर असेल, पण जामीन राहणाऱ्या चाचांचं घर हद्दीत असेल, तरी ही अट पूर्ण होते.

एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठी कलम ६ जास्त उदार आहे. जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात त्यांना तुरुंगात पाठवायचं असेल, तर कोर्टाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून कारणं लिहावी लागतात. अठरा वर्षांखालच्या मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

मात्र हा हक्क नाही, कोर्टाचा अधिकार आहे. अभिनेता संजय दत्तला शस्त्र कायद्याखाली २००७ साली सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ती पाच वर्षांवर आणली, पण गुन्ह्याचं गांभीर्य पाहून परिवीक्षा नाकारली. अंमली पदार्थांच्या बहुतेक गुन्ह्यांत तर प्रौढाला ही वाट बंदच आहे.

कधी मागायची?

दोषी ठरवल्यानंतर आणि शिक्षा सुनावण्याआधी. त्या वेळी वकिलाने पहिलाच गुन्हा असल्याचं सांगावं. वय, शिक्षण, नोकरी, घरची जबाबदारी यांचे कागद तयार ठेवावेत. तिथे राहून गेलं तर अपिलातही मागता येते.

"गुन्हा कबूल कर, सोडून देतील" असं कुणी सांगितलं, तर वकिलाला विचारल्याशिवाय ऐकू नका. कबुलीनंतर परिवीक्षा मिळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

अट मोडली तर?

ठरलेल्या ठिकाणी राहणं, नशा न करणं, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहणं अशा अटी असू शकतात. अट मोडल्याचं कळलं की कोर्ट समन्स किंवा वॉरंट काढतं, जामीनदारालाही बोलावू शकतं. पहिल्या चुकीला पन्नास रुपयांपर्यंत दंड करून सोडता येतं, पण तेव्हाच मूळ गुन्ह्याची शिक्षाही देता येते. त्यासाठी खटला पुन्हा चालवावा लागत नाही. म्हणून आदेशाची प्रत घ्या आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आखातातली नोकरी आणि नोंद

आपल्या रत्नागिरीत हा प्रश्न घरोघरचा आहे. बंधपत्राच्या काळात बाहेरगावी किंवा परदेशी जायचं असेल, तर आधी वकिलामार्फत कोर्टाला विचारा. व्हिसा आला म्हणून परस्पर निघू नका.

कलम १२ मुळे दोषी ठरल्याने येणारी कायदेशीर अपात्रता लागू होत नाही. पण दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका जवानाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९० सालीच सांगितलं, की परिवीक्षा मिळाली म्हणून खात्याची कारवाई टळत नाही. नोकरीच्या अर्जात विचारलं असेल, तर खरं तेच लिहावं.

मदत कुठे?

वकील परवडत नसेल, तर रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांना, महिलांना आणि कोठडीत असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

जमातीच्या बुजुर्गांना आमची एकच विनंती आहे. परिवीक्षेवर सुटलेल्या मुलाला टोमणे मारू नका, कामाला लावा. तीन वर्षं नीट गेली, तर ती शिक्षा कधीच सुनावली जाणार नाही.