कवच चढविलेले विकर



काम मोजावयाचे कशाने? एका तासाच्या वेगाने, की ते किती दिवस टिकते यावरून? कामगार चळवळीत आम्ही हा वाद अनेकदा घातला आहे. रसायनशास्त्राच्या इतिहासातही तो आढळतो, म्हणून तो येथे मांडतो.

एन्झाइम, म्हणजे विकर, हे शरीरातील कसबी कारागीर होत. ज्याच्या शरीरात एखादे विकर नाही, त्याला ते गाईपासून वा जंतूपासून काढून टोचावे, हे सहज सुचते. परंतु शरीर परक्याला ओळखते, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि औषध लवकरच नाहीसे होते.

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे फ्रँक डेव्हिस यांनी यावर तोड काढली. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा पाण्याशी सलगी करणारा पॉलिमर. त्याच्या लांब साखळ्या त्यांनी प्रथिनाला जोडल्या. १९७७ साली अबुचोव्स्की, डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, असे कवच चढविलेले कॅटॅलेज हे विकर उंदरांच्या रक्तात पुष्कळ अधिक काळ टिकते.

कवचाची किंमत मात्र द्यावी लागते. ट्रिप्सिनला साखळ्या जोडल्यावर ते लहान रेणू पूर्वीसारखेच तोडी, पण मोठी प्रथिने त्याच्यापर्यंत पोचेनात. जी भिंत शत्रूला अडविते, ती गिऱ्हाइकालाही अडविते. म्हणूनच लहान रेणूंवर काम करणारी विकरे या युक्तीला मानवली.

ॲस्पॅरॅजिनेजचेच पाहा. रक्ताच्या एका कर्करोगातील पेशींना ॲस्पॅरॅजिन हे अमिनो आम्ल पुरेसे बनविता येत नाही. हे विकर रक्तातील ॲस्पॅरॅजिन नष्ट करून त्यांची उपासमार करते. साध्या विकराचे बळ सुमारे सव्वा दिवसात निम्मे होई. कवच चढविल्यावर त्याला सुमारे पावणेसहा दिवस लागू लागले. १९९४ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

त्याआधी, १९९० साली, गाईच्या ॲडिनोसिन डिॲमिनेजला मान्यता मिळाली होती. हे विकर जन्मतः नसलेल्या मुलांच्या शरीरात विषारी द्रव्ये साठतात, संरक्षक पेशी मरतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. १९८७ साली अशा दोन मुलांवर आठवड्याच्या टोचणीने उपचार केल्याचे प्रसिद्ध झाले होते. असे रोगी मोजकेच; बाजाराला त्यांचे काय? विरळ रोगांच्या औषधांना उत्तेजन देणारा १९८३ चा कायदा अमेरिकेत झाला होता, तो कामी आला. तरीही औषध अतिशय महागच राहिले. शोध लागणे आणि तो गरजवंताच्या दारी पोचणे, या दोन वेगळ्या लढाया आहेत.

पहिली लढाईही संपलेली नाही. २००७ साली असे दिसून आले की, काही रोग्यांच्या रक्तात खुद्द या पॉलिमरविरुद्धच प्रतिपिंडे असतात आणि त्यांच्यात ॲस्पॅरॅजिनेजचे काम मंदावते. शरीर कवचालाही ओळखू लागले आहे. संशोधक आता दुसऱ्या साखळ्यांच्या शोधात आहेत.