लहान मूल रात्रीच का खाजवतं? उत्तर शोधण्याआधी घरच्यांना एक प्रश्न विचारा

रात्रीचा दीड वाजलाय. दोन वर्षांचं लेकरू झोपेतच कूस बदलतंय, पोट खाजवतंय, पायावर पाय घासतंय आणि मध्येच रडत उठतंय. आई पंखा वाढवते. आजी म्हणते, "उष्णता झालीय, सब्जा द्या." बाबा मोबाईलचा टॉर्च लावून डास शोधतात. सकाळी मात्र पोरगं मस्त खेळत असतं, त्यामुळे डॉक्टरांकडे जायचं राहून जातं. रात्री पुन्हा तेच.

या वयाच्या मुलाला कुठे खाजतंय, कधीपासून खाजतंय हे नीट सांगता येत नाही. ते शोधायचं काम घरच्यांवरच येतं. त्यासाठी सगळ्यात उपयोगी प्रश्न मुलाला नाही, तर घरातल्या मोठ्यांना विचारायचा असतो: "तुम्हालाही खाजतंय का?"

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते पाहू.

खाज रात्रीच का वाढते?

रात्री खाज वाढते म्हणजे प्रत्येक वेळी किडाच चावतोय असं नाही. संध्याकाळनंतर त्वचेचं तापमान थोडं वाढतं आणि त्वचेतून पाणीही जास्त उडून जातं, त्यामुळे ती कोरडी पडते. दाह आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक रात्री कमी असतं. त्यात पांघरुणाची ऊब. शिवाय दिवसभर खेळण्यात गुंतलेलं मन रात्री मोकळं असतं, त्यामुळे खाज जास्त जाणवते.

म्हणजे त्वचेचा कुठलाही त्रास रात्री वाढू शकतो. पण दोन त्रास असे आहेत की ज्यांचं रात्रीशी खास नातं आहे: खरूज आणि जंत. आणि हे दोन्ही घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

घरात आणखी कुणाला खाजत असेल तर?

मुलाबरोबर आई, आजी किंवा मोठ्या भावंडालाही रात्री खाज येत असेल, तर पहिला संशय खरजेचा घ्यायचा.

खरूज होते ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान किड्यामुळे. त्याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. साध्या खरजेत अंगावर साधारण 10 ते 15 किडेच असतात. मग एवढी खाज कशाची? किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध शरीर जी ॲलर्जीची प्रतिक्रिया देतं, तिची.

सगळा घोळ इथेच होतो. ही ॲलर्जी तयार व्हायला वेळ लागतो. पहिल्यांदाच खरूज होत असेल तर खाज सुरू व्हायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात. तोवर माणसाला काहीच जाणवत नाही, पण त्याच्याकडून खरूज दुसऱ्याला होऊ शकते. म्हणून "मला कुठे खाजतंय?" असं म्हणणारे बाबासुद्धा सुटलेले नसतात.

मोठ्यांमध्ये बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, कंबर आणि बेंबीच्या आसपास पुरळ दिसतं. लहान मुलांमध्ये मात्र तळहात, तळपाय, मान, अगदी डोक्यावरही दिसू शकतं. बाळाच्या तळपायावर बारीक पुटकुळ्या असतील आणि आजी बोटांच्या बेचक्यात खाजवत असेल, तर या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजू नका.

"आमच्या घरात खरूज? शक्यच नाही!"

खरूज म्हटलं की लोक अस्वच्छता, गरिबी असले अर्थ काढतात आणि घरातली माणसं खाज लपवतात. पण खरूज पसरते ती मुख्यतः अंगाला अंग बराच वेळ लागल्याने. एकाच गादीवर झोपणं, मुलाला कडेवर घेणं, कुशीत झोपवणं, एवढं पुरेसं असतं. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्या घरातही ती होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात कुठल्याही क्षणी 20 कोटींहून जास्त लोकांना खरूज असते. 2017 मध्ये संघटनेने तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला.

खाज नेमकी कुठे आहे?

घरात कुणालाच खाजत नसेल, तर जागा बघा.

शी करण्याच्या जागी: मूल झोपल्यावर ढुंगण खाजवत असेल, चड्डीत सारखा हात घालत असेल, तर सूतकृमी असू शकतात. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारख्या दिसणाऱ्या या जंताची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून पाहिलं तर कधीकधी जंत चक्क दिसतो. साध्या शौच तपासणीत मात्र तो अनेकदा सापडत नाही. त्यासाठी सकाळी धुण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी लावून तपासतात. मूल दात खातं म्हणजे जंत झालेच, हा मात्र पक्का पुरावा नाही.

कोपर आणि गुडघ्यांच्या वळ्या, गाल: तिथे त्वचा कोरडी, लालसर, खरखरीत असेल तर एक्झिमाचा विचार होतो. हा संसर्गजन्य नाही. घरात दमा किंवा ॲलर्जी असेल तर शक्यता वाढते.

हात, पाय, चेहरा असे उघडे भाग: सकाळी उठल्यावर ओळीने किंवा पुंजक्याने गांधी दिसल्या तर ढेकूण शोधा. गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या फटीत काळे ठिपके दिसतात. डास चावल्यावरही काही मुलांना कित्येक दिवस खाजणाऱ्या गाठी राहतात.

मान, पाठ, लंगोटाची जागा: बारीक लाल दाणे आणि उकाड्याचे दिवस असतील तर बहुतेक घामोळं. सैल सुती कपडे आणि हवा लागू दिली की ते कमी होतं.

मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबचा धोका

"खाजेची ट्यूब द्या" म्हटल्यावर मिळणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची भेळ असते. खरजेवर स्टेरॉइड लावलं की लाली आणि खाज काही दिवस दबते. घरच्यांना वाटतं गुण आला. किडे मात्र तसेच राहतात आणि पुरळाचं रूप बदलल्याने डॉक्टरांनाही निदान अवघड जातं. मुलांची त्वचा पातळ असल्यामुळे दुष्परिणामांचा धोकाही जास्त. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. एक्झिमात डॉक्टर स्टेरॉइड देतात, पण ते कुठलं, किती दिवस आणि कुठे लावायचं हे ठरवून.

जंतुनाशक द्रव घातलेल्या पाण्याने रोज आंघोळ घातली तर त्वचा आणखी कोरडी पडते. कडुलिंबाच्या पाल्याने खरजेचे किडे मरतील या भरवशावरही राहू नका.

खरूज निघाली तर काय करायचं?

उपचार सोपे आहेत. पण ते फक्त मुलावर केले तर खरूज हमखास परत येते.

डॉक्टर बहुतेकदा 5 टक्के पर्मेथ्रिनचं क्रीम देतात. ते फक्त पुरळावर नाही, तर मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला लावायचं असतं. लहान मुलांमध्ये डोळे आणि तोंडाचा भाग सोडून चेहरा आणि डोक्यालाही. रात्री लावून 8 ते 14 तासांनी धुवायचं आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचं. बाळ बोटं चोखत असेल तर हातमोजे घाला. बाळ 2 महिन्यांपेक्षा लहान असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांगा.

घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी हे करायचं. मुलाला सांभाळणाऱ्या ताईंनाही सांगा. त्याच दिवशी कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा. धुता येणार नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा साधारण 2-3 दिवसच जगतो.

उपचारानंतरही 2 ते 4 आठवडे खाज राहू शकते. किडे मेले तरी ॲलर्जी लगेच जात नाही. घाबरून रोज क्रीम लावू नका. नवीन पुरळ येत असेल तर पुन्हा दाखवा.

सूतकृमींचंही तसंच. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते, पण सूतकृमींसाठी साधारण दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि बऱ्याचदा घरातल्या सगळ्यांना औषध घ्यावं लागतं. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. नखं बारीक कापा आणि सकाळी उठल्याबरोबर मुलाला धुवा.

वाट कधी बघायची नाही?

खाजवलेल्या जागी पू, पिवळी खपली, सूज किंवा ताप असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. खरजेच्या जखमांत जंतुसंसर्ग झाला तर क्वचित मूत्रपिंडावर परिणाम होतो. त्यामुळे चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दाखवा. डोळे पिवळे दिसत असतील तरीही तसंच. अंगावर पित्त उठून ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट इमर्जन्सी गाठा.

यातलं काही नसेल, तर आज रात्री एवढंच करा: मूल झोपल्यावर टॉर्च घेऊन तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि ढुंगण बघा. पुरळाचे फोटो काढून ठेवा, दवाखान्यात जाईपर्यंत ते फिकट झालं तर कामी येतील. आणि उद्या सकाळी चहा घेताना घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तुम्हालाही खाजतंय का?" लाजून कुणी नाही म्हणत असेल तर पुन्हा एकदा, जरा बाजूला घेऊन विचारा.